सर्जादाच्या तळहातावरचा कापूर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, आणि ज्यांच्यापुढे हातात खडू घेऊन उभा जन्म काढला त्या विद्यार्थ्यांना तर नाहीच. त्यांना मी हीच गोष्ट वेगळी करून सांगत आलो — आणि चांगली सांगत आलो, हे त्यातलं वाईट. परवा नातीला सांगायला बसलो, तर कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे सगळं आपोआप व्हायला लागलं. माझी मलाच किळस आली. म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्ही जवळचे आहात, आणि तरी त्या गावचे नाही आहात.

मी मानसशास्त्र शिकवत असे. मनाच्या आजाराकडे कोण कसं बघतं — कुणी भूत म्हणतं, कुणी मज्जातंतू म्हणतं, कुणी मनाच्या तळाशी दाबून ठेवलेलं काहीतरी म्हणतं, कुणी नुसती जडलेली सवय म्हणतं — हा माझा आवडता धडा. त्यात दर वर्षी मी एका हाताची गोष्ट सांगे. माझा चुलतभाऊ लढाईवरून आला, त्याचा उजवा हात चालेना. सांगलीच्या एका डॉक्टरांनी नुसत्या बोलण्यातून तो बरा करत आणला. आणि गावच्या गुरवानं परीक्षा म्हणून त्याच हातावर कापूर पेटवला; हात कायमचा गेला. मुलं हळहळत. एकदा एका मुलानं उठून विचारलं, त्या गुरवाला तुरुंगात का घातलं नाही? मी म्हणालो, अज्ञानाला तुरुंग नसतो. वाक्य झकास होतं. पुढं दर वर्षी वापरलं.

आता यात खोटं काय आहे? गुरव होता, कापूर होता, हात गेला. मग खोटं कुठं आहे? — तिथंच यायचंय. पण सरळ जायला पाय उचलत नाही. जरा वळसा घालून येतो.

सर्जेराव माझ्या थोरल्या चुलत्याचा मुलगा. मी त्याला सर्जादा म्हणत असे. आमचं गाव वडूजच्या पलीकडचं, माळरानाचं. बाजरी, हुलगा, आणि पावसानं मनावर घेतलं तर ज्वारी. बाकी दगड आणि फौजी हे मात्र भरपूर. घरटी एक माणूस पलटणीत असायचाच. लढाई पेटली तसा सर्जादा भरती झाला. मला चष्मा होता, मोजपट्टीपुढं छाती फुगत नव्हती, आणि शाळेत डोकं बरं चालत होतं. तेव्हा मला सांगलीला कॉलेजात घातलं. गावाच्या लेखी मी शिकायला गेलो नव्हतो, लढाईतून सुटलो होतो. सुट्टीला आलो की चावडीवर हटकून कुणीतरी विचारी, "काय येसू, किती जपानी मारलंस?" मी हसायचो. आतून जळायचो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं ते माझ्या बाजूनं धरू नका.

सर्जादा परत आला तो असा, की उजव्या हाताचा पंजा मनगटापासून नुसता लोंबत होता. जखम नाही, हाड मोडलेलं नाही. डाव्या हातानं तो उजवा उचलायचा आणि कोटाच्या खिशात ठेवायचा, चंची ठेवावी तसा. ब्रह्मदेशातल्या माघारीत तो खेचरांच्या तुकडीवर होता. तिथून आल्यावर लष्करी इस्पितळात ठेवला. विजेचे चटके दिले, दरडावून बघितलं, हात काही हलला नाही. मग घरी धाडला. घरी बायको नव्हती, लग्न सुट्टीवर आल्यावर करायचं ठरलं होतं. ठरलेल्या मुलीच्या बापानं निरोप धाडला, हात बरा होऊ द्या, मग बघू. बी पेरणारा, मोट धरणारा, बैलाच्या वेसणीला हात घालणारा हा एकटाच. थोरल्या आईनं, म्हणजे माझ्या चुलतीनं, हे सगळं पाहिलं आणि पहिल्याच रविवारी लेकाला भैरोबाच्या देवळात नेलं.

देवळात धोंडीबा गुरव. देवाची पूजा त्याची, आणि देवरुषीपणही त्याचंच. त्याला काही मोठा ज्ञानी समजू नका. चहाला हपापलेला, कोंबडी हातात धरून वजन अजमावणारा, पण स्वभावानं मऊ माणूस. त्यानं अंगारा लावला, धूप घातला, आणि सर्जादाच्या अंगात जे कुणी असेल त्याला विचारलं — कोण हायस? कुठनं आलास? काय पायजे तुला? सर्जादा गप्प बसून राहिला. असे काही रविवार झाले. शेवटी धोंडीबा थोरल्या आईला म्हणाला की मला यात काही गावत नाही, आणि शेवटची कोंबडी परत केली. चावडीवर बसणारे सुभेदार आबा हे आधीच्या लढाईतले पेन्शनर; त्यांचं मत अगदी साफ होतं. हात चालत नाही म्हणजे चालवायचा नाही. त्यांनी पलटणीत असले पुष्कळ पाहिले होते. गावाकडे मग दोनच खण उरले — एक तर बाहेरचं, नाही तर ढोंग.

आणि मी तिसरा खण घेऊन आलो. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मानसशास्त्र होतं. आमचे सर सवयीच्या पंथाचे. माणूस म्हणजे लागलेल्या सवयींची मोळी, असं ते म्हणत. मन वगैरे त्यांना फारसं मंजूर नव्हतं. आणि सांगलीतच, विश्रामबागेत, डॉक्टर मगदूम होते. तसे साध्या तापा-खोकल्याचे डॉक्टर. पण मुंबईत शिकताना व्हिएन्नाकडची पुस्तकं वाचून आलेले. दोघे दोस्त. संध्याकाळी डॉक्टरांच्या ओट्यावर बसून भांडायचे. मी तिथं पाणी आणून देण्याच्या निमित्तानं बसे आणि दोघांचंही पटत असे. ज्याचं शेवटचं ऐकलं त्याचं जास्त.

मी सर्जादाला सांगलीला नेला. कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून कऱ्हाडपर्यंत, तिथून रेल्वे. माझ्या खोलीवरच राहिला. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी त्याला डोळे मिटायला सांगून सुई टोचत नेली. कोपराजवळ तो कळवळला, मनगटापर्यंत कळवळला, आणि मनगटाच्या पुढं काहीच नाही. सुई आत गेली, रक्ताचा थेंब आला, आणि हा विचारतो — टोचलं का? डॉक्टर मला नंतर म्हणाले, नस अशी मनगटावर बांगडी घातल्यासारखी संपत नसते. हे मनानं केलंय. पण ध्यानात ठेव, म्हणून ते खोटं नव्हे. याला खरोखर काही जाणवत नाही.

हे वाक्य मी ऐकलं होतं. लक्षपूर्वक ऐकलं होतं. पुढं लागेल.

मग बोलणं सुरू झालं. सर्जादा डॉक्टरांपुढं तोंड उघडेना. त्यांची भाषा पुस्तकी, आणि हा घरात चार शब्द बोलणारा. मी समोर बसलो तर माझ्याकडं बघून बोलायचा. म्हणून डॉक्टरांनी मला बसवून घेतलं, आणि एकच अट घातली की इथं कानावर पडलेलं या उंबऱ्याच्या बाहेर न्यायचं नाही. मी हो म्हणालो. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

किती दिवस नुसती पावसाची, डासांची, चिखलाची गोष्ट चालली. आणि मग एकदा खेचर आलं. त्याच्याकडं एक खेचरी होती, करडी, कान फाटलेली. सगळ्या वाटेनं ती त्याच्यामागं चालत आलेली. तो आपल्या वाटणीतले हरभरे उजव्या तळहातावर ठेवून तिला चारायचा. नदीपाशी आले, पलीकडं जायला नावा थोड्या, जनावरं शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून हुकूम आला — ज्याची त्यानं मारायची. सर्जादानं बंदूक उचलली. खेचरीनं त्याच्याकडं मान वळवली आणि त्याच्या उजव्या हाताला ओठ लावले. तिला वाटलं, हरभरे आहेत.

एवढंच. माणसं मेली होती, जोडीदार मेले होते, त्यांच्याबद्दल तो सांगू शकत होता. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर काय झालं असतं? खेचरापायी हात गेला म्हणून पलटण हसली असती. गावही हसलं असतं. तो सांगत होता, खालमानेनं, आणि मी पाहिलं की मांडीवर पडलेल्या उजव्या पंजाचा अंगठा हलतोय. डॉक्टरांनीही पाहिलं. त्यांनी मला डोळ्यानं गप्प बसायला सांगितलं.

तिथून सुधारणा होत गेली. अंगठा, मग शेजारचं बोट. एक दिवस त्यानं दोन बोटांत विडी धरली. ओढली नाही, नुसती धरून बसला. आमच्या सरांना मी डॉक्टरांच्या ओट्यावरच, त्यांच्यादेखत, रोजचा वृत्तांत देई. त्यांचं म्हणणं, यात मनाचं तळघर-बिळघर काही नाही. हात हलला नाही म्हणून माणूस लढाईतून सुटला, म्हणून न हलण्याची सवय पक्की झाली. आता चार प्रेमाची माणसं कौतुक करतात म्हणून हलण्याची होईल. डॉक्टर म्हणायचे, मग सुई का टोचत नाही? आणि एकदा सर चिडून बोलून गेले, सुईचं सोडा, विस्तव ठेवा. विस्तवापुढं हात मागे घेणं शरीराला कुणी शिकवत नाही आणि ते मनाला विचारत नाही. डॉक्टर म्हणाले, हात जळेल पण हलणार नाही. दोघे हसले, चहा आला, विषय संपला. माझ्या डोक्यात मात्र तो संपला नाही.

त्याच दिवसांतली आणखी एक गोष्ट. दुपारी सर्जादा खोलीत झोपला होता. तोंडावर माशी बसत होती. आणि झोपेत त्यानं उजवा हात उचलला, पुरा उचलला, आणि माशी हाकलली. मी धावत डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, बरोबर आहे, झोपेत मनावरचा पहारेकरी ढिला पडतो. पण हे त्याला सांगू नकोस, त्याला वाटेल आपण ढोंगी आहोत. त्याला आधीच ती भीती खाते आहे.

दिवाळीला आम्ही गावी आलो. डॉक्टरांनी बजावलं होतं, सण करा आणि परत या, मधे हाताची चर्चा नको. थोरल्या आईनं सर्जादानं दोन बोटांत धरलेली करंजी पाहिली आणि चुलीकडं तोंड फिरवून बसली. ती मुलीच्या बापाकडं पुन्हा निरोप धाडणार होती. मला तिनं आल्या दिवशीच ताटात तुपाची वाटी वेगळी ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चावडीवर गेलो. सुभेदार आबा होते, आणखी दहा-पाच जण होते. त्या काळात आमच्याकडं सरकारचा अंमल नावालाच उरला होता. गावं आपले निवाडे आपणच करत, त्यामुळं चावडीला भारी वजन आलं होतं. आबांनी विचारलं, सांगलीच्या डॉक्टरनं काय निदान काढलं? मी सांगायला लागलो. मनाचे थर, दडपण, इच्छा. थोडा वेळ ऐकलं, मग कुणीतरी म्हणालं, हा तर बायकांचा आजार झाला. हशा पिकला. आबा म्हणाले, "शिकून आलास त्ये ह्येच व्हय रं?" पुन्हा हशा. आणि मी — मला आता तो चेहरा आठवतो, माझा स्वतःचा — मी हसत हसत म्हणालो, झोपेत हात हलतो की. मी बघितलाय. माशी हाकलतो.

हशा थांबला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्या चावडीत माझं बोलणं असं कुणी पहिल्यांदाच ऐकत होतं.

आबा म्हणाले, "म्हंजी ढोंग हाय."

इथं मी बोलायला पाहिजे होतं. नाही, तसं नाही, डॉक्टरांचं म्हणणं असं आहे — एवढं तरी. मी काय केलं? मी खांदे उडवले. आणि विचारतील ते सांगत गेलो. खेचरीचंसुद्धा. हो, तेसुद्धा. त्यावर सगळ्यात मोठा हशा झाला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. सर्जादा आला तेव्हा ओसरीवर आम्ही दोघेच होतो. मला वाटलं मारील. तो म्हणाला, "येसू, लोकं म्हणत्यात मी सोंग करतोय. मला न्हाई वाटत. पर मला काय म्हायती?" त्याला वाटलं, इस्पितळातून कुणी बातमी आणली. खेचरीवरून हसले ते त्याच्या पाठीमागं; तोंडावर ते कुणी कधीच काढलं नाही. माझा त्याला संशय आला नाही. मी तो येऊ दिला नाही म्हणणंही खोटं. त्यानं तो धरलाच नव्हता.

चावडीनं ठरवलं, रविवारी देवळात कापूर ठेवायचा. ही आमच्याकडची जुनी रीत. कुणाच्या अंगात आलेलं खरं की नाटक असा वाद झाला, की तळहातावर विड्याचं पान ठेवून त्यावर कापराची वडी पेटवायची. खरा असेल त्याला भैरोबा सांभाळतो. मी लहानपणापासून पाहिलेलं — सांभाळतो कसा? चटका बसायला लागला की माणूस हात हळूच कलता करतो, वडी खाली पडते, गुरव चांगभलं म्हणतो, नारळ फुटतो आणि सगळे घरी जातात. कुणी हरत नाही. फारच झटकन हात मागं घेतला तर दोन दिवस टिंगल होते. ती सगळी रीत माणसाला चटका बसतो या भरवशावर उभी होती. आणि हा हात असा होता, की त्याला चटका बसत नव्हता. त्या देवळात जमलेल्यांपैकी हे कुणाला ठाऊक होतं?

सकाळची वेळ, ऊन चांगलं वर आलेलं. सर्जादा स्वतःहून सभामंडपात बसला. थोरली आई नको नको म्हणत होती, तर तिला म्हणाला, "ठिवू दे. माझं मलाबी कळू दे." धोंडीबानं पान काढलं तसे आबा म्हणाले, सोंगाला पान कशाला. धोंडीबा घुटमळला. मग वडी तशीच तळहातावर ठेवली. पेटवली.

हात हलला नाही.

लोकांना वाटलं, देव आला. कुणीतरी चांगभलं म्हणालं. सगळे बघत राहिले, कारण कुठं थांबायचं ते अशा वेळी नेहमी तो हातच सांगायचा. शेवटी थोरली आई किंचाळली आणि तिनंच लेकाचा हात उलटा केला. धोंडीबानं कळशी ओतली. तळवा मधोमध गेला होता.

पुढचं थोडक्यात सांगतो. जखम चिघळली. मी त्याला पुन्हा सांगलीला नेला, महिना-दीड महिना इस्पितळात होता. कातडी आखडली, बोटं आत वळून चिकटली, ती परत उघडली नाहीत. डॉक्टर मगदूम पट्टी सोडून बघत राहिले आणि म्हणाले, "आता या हाताला खरं कारण मिळालं." सर्जादानं त्यांच्याकडं बोलायला जाणं सोडलं. मला म्हणाला, आता कशाला? लागलंय ते दिसतंय की. एका परीनं तो निवांत झाला होता, हे मला तेव्हा समजलं. मुलीचं लग्न दुसरीकडं झालं. याचं झालंच नाही.

डॉक्टरांनी मला विचारलं, कुणी केलं हे? मी म्हणालो, गुरवानं. देवरुषी आहे, गावात त्याचंच चालतं, कुणी ऐकेना. त्यांनी पुन्हा विचारलं, पण ढोंगाची शंका गावाला आली कुठून? मी म्हणालो, अडाणी लोक, काय सांगावं. डॉक्टर गावी आले, चावडीवर बसून संतापानं बोलले. गावालाही कुणावर तरी ढकलायचंच होतं. शिकलेला येसू म्हणतो, डॉक्टर म्हणतो, मग गुरवच. धोंडीबानं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं बोलेल. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. देवळाची पूजा काढून त्याच्या भावकीतल्या दुसऱ्याला दिली. तो लेकीकडं फलटणला गेला, म्हातारपणी दुसऱ्याच्या उसाच्या फडात पाचट काढत होता असं कानावर आलं. तिथंच गेला. मी कधी भेटायला गेलो नाही. फलटणवरून किती वेळा गेलो, उतरलो नाही.

सर्जादा पुष्कळ जगला. डाव्या हातानं शेती केली. पाहुण्यारावळ्यांत माझी ओळख करून द्यायचा ती अशी — "येसूनं लय केलं माज्यासाठी. त्याच्यावानी भाऊ न्हाई." मी मान खाली घालायचो. लोकांना तो माझा विनय वाटायचा.

आता इथवर ऐकून तुम्ही काय म्हणाल? पोरवय होतं, टिंगलीनं डिवचला गेला, जीभ घसरली, मग घाबरून दुसऱ्यावर ढकललं. वाईट, पण माणूस आहे. मीसुद्धा स्वतःशी एवढंच कबूल करत आलो. इथंच थांबायची मला सवय आहे. पण हे एवढंच नाही.

धोंडीबा घुटमळला, असं मी वर सांगितलं. तो कुणाकडं बघून घुटमळला ते सांगितलं नाही. तो माझ्याकडं बघत होता. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर खांबाला टेकून उभा होतो. हातातलं पान त्यानं खाली ठेवलं आणि मला हळूच म्हणाला, "येसू, तू शिकल्याला हाईस. तुज्या डॉक्टरला म्हायती आसंल. ठिवू का?"

ऐकू आलं ते मला एकट्याला; बाकी सगळे नुसते बघत होते. आबासुद्धा. मी नको म्हणालो असतो तर आबा दोन शिव्या देऊन उठून गेले असते, बाकी काही नाही. मला भीती नव्हती. हे मी पुष्कळ वर्षं घोकून पाहिलं — भीती होती का? नव्हती. राग होता का सर्जादावर? त्या क्षणी तोही नव्हता. चावडीवरची जळजळ कधीच विझली होती.

मी म्हणालो, ठेवा.

मला बघायचं होतं. सरांनी म्हटलं होतं, विस्तवापुढं हात मागं येईल. डॉक्टरांनी म्हटलं होतं, जळेल पण हलणार नाही. दोघांनाही हे कधी करून बघता येणार नव्हतं, कुणालाच येणार नव्हतं, आणि माझ्यापुढं ते आपोआप चालून आलं होतं. मी पुढं वाकलो. चष्मा पुसला. आमच्या थोरल्या आईचा मुलगा तिथं बसलाय हे मला दिसत नव्हतं, एक पंजा दिसत होता. वडी पेटली. बोटं हलली नाहीत. कातडीचा रंग बदलला, मग वास आला, आणि सर्जादानं मान वर करून इकडंतिकडं पाहिलं, कारण वास कशाचा येतोय ते त्याला कळेना. मग त्यानं विचारायला म्हणून माझ्याकडं पाहिलं. मला तेव्हाही हात उलटा करता आला असता. मी आणखी थोडा थांबलो. खात्री करून घ्यायला. आणि माझ्या मनात आलं, डॉक्टर बरोबर आहेत, आणि मला आनंद झाला.